टोमॅटो आणि खारे पाणी: वाचकांचे प्रश्न

क्षारयुक्त जमिनीत किंवा मचूळ पाण्यावर टोमॅटो घेणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे सतत येत असतात. त्यांतील बहुतेकांची तक्रार एकच असते: झाड मरत नाही, पण हवे तसे फळतही नाही. म्हणून या वेळचे सगळे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रांतील मजकूर थोडक्यात घेतला असून सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आमचे पाणी मचूळ आहे. लागवडीनंतर टोमॅटोची रोपे हिरवीगार, किंबहुना नेहमीपेक्षा गडद दिसतात, पण त्यांची वाढ थबकलेली असते. तीन-चार आठवड्यांनी खालच्या पानांच्या कडा करपू लागतात. हा रोग आहे की मिठाचा परिणाम?

आपण लक्षणे ज्या क्रमाने लिहिली आहेत, त्या क्रमातच उत्तर आहे. मिठाचा आघात झाडावर दोन टप्प्यांत होतो आणि आपल्याला ते दोन्ही टप्पे दिसले आहेत.

पहिला टप्पा पाण्याचा. मुळांभोवतीच्या पाण्यात क्षार विरघळलेले असले की ते पाणी ओढून घेण्यासाठी मुळांना अधिक जोर लावावा लागतो. जमीन ओली असते, हाताला ओल लागते, तरीही झाडाच्या दृष्टीने ती अर्धवट सुकलेली असते. हे झाडाला फार लवकर कळते. मुळांकडून पानांकडे संदेश जातात, पानांवरची सूक्ष्म रंध्रे काही प्रमाणात मिटतात आणि नवी पाने लहान निघतात. पान लहान राहिले तरी त्यातील हरितद्रव्य थोड्या जागेत दाटते, म्हणून ते गडद दिसते. हा गडदपणा आरोग्याचे लक्षण समजून अनेकजण निर्धास्त राहतात, आणि तेथेच पहिले काही मोलाचे दिवस निघून जातात. या टप्प्यापर्यंत पानांत मीठ फारसे साठलेलेही नसते.

दुसरा टप्पा खुद्द मिठाचा, त्यातही मुख्यतः सोडियमचा. पाण्याबरोबर थोडे थोडे सोडियम वर चढते. पानातून पाण्याची वाफ होऊन जाते आणि सोडियम मागे राहते. जे पान जितके जुने, तितके त्यातून अधिक पाणी गेलेले असते आणि तितके अधिक सोडियम त्यात साठलेले असते. म्हणून करपण्याची सुरुवात खालच्या पानांच्या टोकांपासून आणि कडांपासून होते. बुरशीजन्य करप्यात बहुधा पानाच्या मध्यभागीही ठिपके पडतात, त्यांभोवती पिवळी किंवा वलयांची किनार असते, आणि झाडागणिक प्रमाण कमी-जास्त दिसते. मिठाची करपण मात्र कडेने आत सरकते आणि सारखे पाणी मिळालेल्या सगळ्या झाडांवर जवळजवळ सारखीच असते.

सोडियम पेशीत शिरून नेमके काय बिघडवते, हे समजले तर पुढची उत्तरेही सोपी होतील. पेशीतील अनेक विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, पोटॅशियमवर चालतात. सोडियम आणि पोटॅशियम यांचे गुणधर्म इतके मिळतेजुळते आहेत की मुळांच्या काही प्रवेशमार्गांना त्यांच्यातील फरक नीट ओळखता येत नाही. सोडियम जास्त झाले की ते पोटॅशियमच्या जागा अडवते, पण पोटॅशियमचे काम त्याच्याकडून होत नाही. म्हणूनच झाडाची क्षारसहनशीलता तपासताना अभ्यासक केवळ सोडियम मोजत नाहीत. पानातील पोटॅशियमचे सोडियमशी असलेले गुणोत्तर किती टिकून आहे, हे ते पाहतात.

यावर टोमॅटोचे झाड मुकाट्याने बसून राहत नाही. त्याची पहिली राखण मुळाशी असते. तेथील पेशींच्या पटलावर सोडियम परत बाहेर ढकलणारे एक वाहक प्रथिन असते, ज्याला अभ्यासक 'एसओएस-१' या नावाने ओळखतात. पेशीत सोडियम वाढले की आधी कॅल्शियमचा इशारा होतो आणि त्या इशाऱ्यावर हे वाहक कामाला लागते. दुसरी राखण पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांच्या कडेला असते. तेथील 'एचकेटी' गटातील वाहक वर निघालेल्या प्रवाहातून सोडियम काढून मुळांत आणि खोडात अडकवून ठेवतात, म्हणजे ते पानांपर्यंत कमी पोचते. एवढ्यावरही जे पानांत शिरते, ते 'एनएचएक्स' नावाचे वाहक पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या मधोमध असणाऱ्या द्रवाच्या मोठ्या पिशवीत, कोंडून ठेवतात. रिक्तिकेत कोंडलेले मीठ निरुपद्रवी असते, एवढेच नव्हे तर पाणी धरून ठेवण्यास ते मदतही करते. शेवटी, जुनी पाने मिठाने भरून गळू दिली जातात आणि वाढता शेंडा वाचवला जातो.

या प्रत्येक कामाला ऊर्जा लागते. सोडियम बाहेर ढकलायचे, रिक्तिकेत कोंडायचे, पेशीरसाचा तोल राखण्यासाठी प्रोलीन हे अमिनो आम्ल आणि शर्करा तयार करायच्या, हे सगळे पानांनी कमावलेल्या अन्नातून होते. आणि नेमकी त्याच वेळी रंध्रे मिटल्यामुळे कमाई घटलेली असते. आपली झाडे जगतात पण फळत नाहीत, याचे कारण या जमाखर्चात आहे. या सदरातील बहुतेक उत्तरे फिरून याच मुद्द्यावर येणार आहेत, कारण तग धरणे आणि पीक देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की उपायही चुकतात.

प्रश्न: माती परीक्षणाच्या अहवालात विद्युतवाहकता ०.९ आली. टोमॅटोची मर्यादा २.५ आहे असे वाचले होते, म्हणून निश्चिंत होतो. तरीही झाडांवर क्षारांची सर्व लक्षणे आहेत. अहवाल चुकला असेल का?

अहवाल बरोबर असण्याचीच शक्यता जास्त आहे; आपण दोन वेगवेगळ्या मापांची तुलना केली आहे.

विद्युतवाहकता, म्हणजे ज्याला सगळे 'ईसी' म्हणतात ती, पाण्यात विरघळलेले क्षार जितके अधिक तितकी अधिक असते आणि डेसीसायमन प्रति मीटर या एककात मोजतात. टोमॅटोसाठी सांगितली जाणारी २.५ ही मर्यादा मातीच्या संपृक्त अर्काची आहे: माती पाण्याने जेमतेम भिजवून तिचा लगदा करायचा, त्यातून निघालेले पाणी गाळून घ्यायचे आणि त्याची वाहकता मोजायची. पुष्कळ प्रयोगशाळा सोयीसाठी एक भाग माती आणि दोन किंवा अडीच भाग पाणी असे मिश्रण करून मोजतात. तेथे पाणी जास्त असल्यामुळे क्षार पातळ होतात आणि आकडा लहान येतो. मातीच्या पोतानुसार संपृक्त अर्काचा आकडा याच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. त्यामुळे आपले ०.९ प्रत्यक्षात मर्यादेपलीकडचे असू शकते. अहवाल हाती आला की आकड्याआधी मोजण्याची पद्धत विचारावी, अशी माझी सर्वांना आग्रहाची विनंती आहे.

मर्यादेचा अर्थही नीट पाहू. यूजीन मास आणि ग्लेन हॉफमन यांनी १९७७ साली अनेक पिकांच्या क्षारसहनशीलतेचे आकडे एकत्र मांडले. त्यानुसार टोमॅटोचे उत्पादन संपृक्त अर्काच्या २.५ ईसीपर्यंत घटत नाही आणि त्यापुढे प्रत्येक एककामागे सुमारे ९.९ टक्क्यांनी घटते. म्हणजे ईसी ३.५ असेल तर उत्पादन जवळपास ९० टक्के, ५ असेल तर ७५ टक्के आणि साधारण ७.५ च्या पुढे निम्मे. या हिशेबाने टोमॅटो 'मध्यम संवेदनशील' पिकांत बसतो: घेवड्यापेक्षा बराच सोशिक, पण जव आणि कापूस यांच्या जवळपासही नाही. वाण, हवामान आणि जमिनीचा निचरा यांनुसार हे आकडे मागेपुढे होतात. कोरड्या, तापलेल्या हवेत तीच ईसी झाडाला अधिक जाचते, कारण पानांतून पाणी वेगाने जाते आणि त्याबरोबर वर चढणारे मीठही वाढते.

प्रश्न: क्षार कमी व्हावेत म्हणून जिप्सम टाकले, पण काहीच फरक पडला नाही.

जिप्सम हा चोपण जमिनीचा उपाय आहे. तेथे सोडियम मातीच्या कणांना चिकटलेले असते, सामू (पीएच) बहुधा ८.५ च्या वर असतो, माती ओली असताना चिकट आणि सुकल्यावर दगडासारखी होते. जिप्सममधील कॅल्शियम कणांवरचे सोडियम हुसकावून लावते, आणि मग ते भरपूर पाण्याने खाली धुऊन न्यावे लागते. आपण लिहिलेल्या तपशिलावरून आपली जमीन भुसभुशीत आहे, सामूही मध्यम आहे, म्हणजे ती क्षारयुक्त आहे, चोपण नाही. जिप्सम स्वतः एक क्षारच आहे. अशा जमिनीत पाणी आणि निचरा हीच खरी दुरुस्ती आहे. तिच्याविषयी शेवटच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न: समुद्रकिनाऱ्यावर वाढणारे रानटी टोमॅटो आहेत असे ऐकले. तसे असेल तर खाऱ्या पाण्यावर वाढणारा टोमॅटोचा वाण अद्याप आपल्या हाती का नाही?

हा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

रानटी टोमॅटो खरोखरच आहेत. टोमॅटोचे सगळे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातले, म्हणजे इक्वेडोर, पेरू आणि चिली या देशांतले, आणि त्यांपैकी दोन जाती गालापागोस बेटांवरच्या. चार्ल्स रिक या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने या जातींचे बी गोळा करण्यात आयुष्य घालवले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संग्रहाला आज त्याचेच नाव आहे. गालापागोसवरील टोमॅटोचे बी प्रयोगशाळेत सहजासहजी उगवत नव्हते. तेच बी त्या बेटांवरच्या महाकाय कासवांच्या पोटातून गेल्यावर चांगले उगवते, हे रिक आणि रॉबर्ट बोमन यांनी १९६१ साली दाखवून दिले. विषयाला हे थोडेसे सोडून आहे, पण ज्या बियांवर पुढचे सगळे काम उभे राहिले त्या बिया मुळात उगवल्या कशा, हे वाचकांना ठाऊक असावे असे मला वाटते.

याच बेटांवर भरतीरेषेपासून अगदी थोड्या अंतरावर वाढणाऱ्या झाडांचे बी घेऊन डेव्हिसमध्येच डी. डब्ल्यू. रश आणि इमॅन्युएल एपस्टाइन यांनी प्रयोग केले व ते १९७६ साली प्रसिद्ध केले. समुद्राच्या पाण्याइतक्या खारट पोषणद्रावात हे रानटी टोमॅटो जिवंत राहिले. लागवडीतला टोमॅटो बहुतेक वेळा त्याच्या निम्म्या खारटपणापलीकडे टिकला नाही. समुद्राच्या पाण्याची ईसी सुमारे ५० असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही गोष्ट केवढी मोठी होती ते कळेल.

त्या प्रयोगातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. लागवडीतला टोमॅटो सोडियमला पानांपासून दूर ठेवण्याची धडपड करतो आणि ते पानांत शिरले की कोलमडतो. गालापागोसच्या टोमॅटोने मात्र सोडियम पानांत येऊ दिले, भरपूर साठवले आणि तरीही तो जगला. म्हणजे एकाच कुळात मिठाशी वागण्याच्या दोन रीती आहेत: एक दाराशी अडवण्याची, दुसरी घरात घेऊन कोठीत बंद करण्याची. दुसरी रीत खाऱ्या जमिनीतच वाढणाऱ्या क्षारप्रिय वनस्पतींच्या जवळची आहे.

ही कोठी, म्हणजे रिक्तिका, मोठी करता येईल का, असा विचार करून हाँग-श्या झांग आणि एदुआर्दो ब्लुमवाल्ड यांनी मोहरीच्या कुळातील अराबिडोप्सिस या छोट्या वनस्पतीचे 'एनएचएक्स' जनुक टोमॅटोत घातले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात अशी झाडे लिटरमागे सुमारे पावणेबारा ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यावर वाढली, फुलली आणि फळली. पानांत सोडियम भरपूर साठले होते, पण फळांत ते फारच कमी होते.

मग अडले कुठे? पहिली अडचण अशी की क्षारसहनशीलता हा एका जनुकाचा गुण नाही. मुळाशी अडवणे, खोडात धरून ठेवणे, रिक्तिकेत कोंडणे, पोटॅशियम टिकवणे, रंध्रांचा ताबा ठेवणे, ही वेगवेगळ्या जनुकांची कामे आहेत, आणि बी उगवताना जी उपयोगी पडतात तीच फळधारणेच्या वेळी पडतील असे नाही. रानटी जातीशी संकर केला की हव्या गुणांबरोबर वाटाण्याएवढी फळे, कडवट चव आणि उशिरा पक्व होणे हे गुणही येतात, आणि ते वेगळे काढायला पिढ्यानुपिढ्या जातात. दुसरी अडचण शेताची. प्रयोगशाळेतल्या पोषणद्रावात मीठ मोजून मापून असते. शेतात ते दर पाळीला, दर फुटाला बदलते, आणि त्याच्या जोडीला उष्णता, साचलेले पाणी, कधी बोरॉन असे अनेक ताण असतात. तिसरी अडचण मला सर्वांत खरी वाटते. रानटी झाड समुद्राच्या पाण्यात जगते ते हळू वाढून, थोडी पाने आणि लहान फळे देऊन. त्याला फक्त बी पाडायचे असते. आपल्याला त्याच्याकडून किलोंनी फळ हवे असते.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. टोमॅटो माणसाळवताना आपण नकळत काय गमावले, हे आता जनुकांच्या पातळीवर दिसू लागले आहे. सोडियम-पोटॅशियमचा तोल राखणाऱ्या 'एचएके-२०' या वाहकाचे क्षारांना कमी सोसणारे रूप माणसाळण्याच्या काळात निवडले गेले, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. जे निवडीत हरवले ते ओळखता आले तर परतही आणता येते. समुद्राच्या पाण्यावरचा टोमॅटो नव्हे, पण ५ ईसीच्या जमिनीत २५ टक्क्यांऐवजी १० टक्केच घट सोसणारा टोमॅटो, ही मला गाठता येण्याजोगी गोष्ट वाटते.

प्रश्न: तोपर्यंत कलमी रोपांचा उपयोग होतो का?

होतो, मात्र खुंट योग्य हवा. सोडियम अडवण्याचे बरेचसे काम मुळे करतात. त्यामुळे जोमदार मुळांच्या खुंटावर, विशेषतः लागवडीतला टोमॅटो आणि त्याची रानटी जात यांच्या संकरित खुंटावर, आपल्या आवडीचा वाण बांधला तर पानांपर्यंत मीठ कमी पोचते आणि फळाचा दर्जा वरच्या वाणाचाच राहतो. मध्यम क्षारांत हा फरक स्पष्ट दिसतो, तीव्र क्षारांत तो पुसट होत जातो. कलमाचा जोड मातीच्या वर राहील याची काळजी घ्यावी. तो मातीत गाडला गेला तर वरच्या वाणालाच मुळे फुटतात आणि सारी मेहनत वाया जाते.

प्रश्न: फळाच्या तळाशी काळपट, खोलगट चट्टा पडतो. कॅल्शियमची कमतरता सांगितली गेली, पण माती परीक्षणात कॅल्शियम भरपूर आहे.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मातीत कॅल्शियम आहे, फळाच्या टोकात नाही.

कॅल्शियम झाडात पाण्याच्या वरच्या प्रवाहाबरोबर जाते. पाने सतत पाणी उडवतात म्हणून बराचसा प्रवाह पानांकडे वळतो. फळावर मेणचट साल असते, त्यातून पाणी फार थोडे उडते, म्हणून त्याच्या वाट्याला कॅल्शियमही थोडेच येते, आणि देठापासून सर्वांत दूर असलेल्या तळाला तर त्याहून कमी. क्षारांमुळे हा सगळा प्रवाहच मंदावतो, शिवाय फळातील पाणी वाहणाऱ्या नलिका नीट तयार होत नाहीत. फळ भराभर फुगत असलेल्या दिवसांत तळाच्या पेशींना भिंती बांधायला कॅल्शियम अपुरे पडते, पेशी फुटतात आणि तेथे चट्टा पडतो. लांबट फळांच्या वाणांत हे अधिक आढळते.

पानांवर कॅल्शियम फवारून फारसे साधत नाही, कारण पानात गेलेले कॅल्शियम तेथून निघून फळाकडे जात नाही. उपयोग होतो तो पाणी नियमित ठेवल्याने. एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब अशी पद्धत सर्वांत घातक. अमोनियमयुक्त नत्र आणि पोटॅशची मोठी मात्रा एकदम दिली तर ती कॅल्शियमच्या शोषणात अडथळा आणते, म्हणून नत्राचा बराचसा भाग कॅल्शियम नायट्रेटमधून, लहान हप्त्यांत द्यावा. मुळांजवळ कॅल्शियम पुरेसे असले की सोडियमचा शिरकावही काहीसा कमी होतो, हा त्याचा दुहेरी फायदा.

प्रश्न: काही उत्पादक फळ गोड व्हावे म्हणून मुद्दाम खारट पाणी देतात, हे खरे का? आणि ते योग्य आहे का?

खरे आहे. हरितगृहात मातीविना टोमॅटो घेणारे उत्पादक फळे भरण्याच्या काळात पोषणद्रावाची ईसी जाणीवपूर्वक वाढवतात, कधी अधिक पोषकद्रव्ये देऊन तर कधी थोडे मीठ मिसळून. फळात पाणी कमी शिरते आणि फळ लहान राहते, पण पानांतून येणारी साखर त्या मानाने कमी होत नाही. त्यामुळे साखर, आम्ल आणि एकूण विद्राव्य घटक, म्हणजे ज्याला 'ब्रिक्स' म्हणतात ते, सगळेच दाट होतात. केवळ पाणी कमी झाल्याचाच हा परिणाम नसतो. क्षारांच्या ताणात कच्च्या हिरव्या फळात स्टार्चही अधिक साठतो आणि पिकताना त्याची साखर होते. चव गोड लागते, पण आम्लही वाढलेले असल्यामुळे ती अधिक भरीव लागते, असे म्हणणे जास्त बरोबर होईल.

योग्य आहे का, हे आपण काय विकता यावर अवलंबून आहे. मध्यम क्षारांत फळांची संख्या सहसा टिकते, वजन घटते. ताण वाढला की घोसातील फळेही कमी होतात. लहान फळांच्या चेरी टोमॅटोत हे नुकसान कमी असते, कारण तेथे कोणी मोठ्या फळाची अपेक्षाच करत नाही, आणि तळाचा काळा चट्टाही त्यांत क्वचित पडतो. मोठ्या फळांच्या वाणात मात्र गोडीबरोबर तो चट्टाही पदरात पडू शकतो.

मातीतील लागवडीत हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पोषणद्राव दुसऱ्या दिवशी बदलता येतो. मातीत गेलेले मीठ तेथेच राहते आणि पुढच्या पिकालाही भोवते. ज्यांचे पाणी मुळातच मचूळ आहे त्यांना थोड्या गोडीचा हा लाभ न मागता मिळालेलाच असतो. त्यांनी तो फळाच्या भावात मिळवण्याचा जरूर प्रयत्न करावा.

प्रश्न: झाड कोणत्या वयात मिठाला सर्वांत जास्त घाबरते?

उगवताना आणि रोपावस्थेत. खारट माध्यमात बी उगवायला दीडपट, कधी दुप्पट दिवस लागतात आणि उगवण विरळ होते. म्हणून रोपे तरी गोड्या पाण्यावर, स्वच्छ माध्यमात तयार करावीत. कोकोपीट वापरत असल्यास ते आधी धुऊन घ्यावे, कारण त्यातही मीठ असू शकते. गोडे पाणी थोडेच असेल तर ते रोपवाटिकेसाठी आणि लागवडीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी राखून ठेवावे. मुळे खोल गेल्यानंतर मचूळ पाण्यावर आले तर झाड बरेच सावरून घेते.

प्रश्न: क्षारांचा ताण घालवणाऱ्या फवारण्या घ्याव्यात का?

समुद्रशैवालाचे अर्क, प्रोलीन, सॅलिसिलिक आम्ल यांचा परिणाम नियंत्रित प्रयोगांत दिसतो. पण मुळाशी रोज मीठ येत असताना फवारणीने जमिनीतले मीठ एका कणानेही कमी होत नाही. आधी पाणी आणि निचरा सुधारावा, मग पैसे उरल्यास फवारणीचा विचार करावा. फवाऱ्याच्या सिंचनाने मचूळ पाणी थेट पानांवर पडू देऊ नये, कारण पाने ते मीठ सरळ शोषून घेतात.

प्रश्न: ठिबक सिंचनावर टोमॅटो चांगला होता. ओलाव्याच्या कडेला मातीवर पांढरा थर दिसत होता, पण झाडे ठीक होती. हलका पाऊस झाला आणि दोन दिवसांत झाडे माना टाकून बसली. पाऊस तर गोडा असतो, मग असे का?

ठिबकखाली मातीत ओलाव्याचा एक कांद्यासारखा गोळा तयार होतो. पाणी मध्यातून कडेकडे सरकते आणि विरघळलेले क्षारही सोबत नेते. कडेला पाणी संपते आणि क्षार साठतात. पृष्ठभागावर पाण्याची वाफ होते आणि पांढरा थर उरतो. गोळ्याच्या मध्यभागी असलेली मुळे त्यामुळे बऱ्यापैकी गोड्या मातीत राहतात. मचूळ पाण्यावर ठिबक जी किमया करते ती हीच. हलका पाऊस आला की वरचा पांढरा थर विरघळतो आणि सगळे मीठ एकदम मुळांच्या मध्यभागी उतरते. जोरदार पाऊस ते आणखी खाली घेऊन जातो, पण हलक्या सरीत तेवढी ताकद नसते. मी स्वतः एकदा पाऊस आला म्हणून ठिबक बंद केले आणि एक चांगली ओळ गमावली. तेव्हापासून माझा नियम असा आहे की हलका पाऊस सुरू झाला की ठिबक सुरू करायचे, म्हणजे मीठ मुळांकडे येण्याऐवजी बाहेर आणि खाली ढकलले जाते. पाऊस मोठा आणि दीर्घ झाला तरच ते बंद करावे.

आता पाण्याच्या हिशेबाकडे येऊ, कारण तो केल्याशिवाय मिठाचा अंदाज येत नाही. १ ईसीच्या पाण्यात लिटरमागे ढोबळमानाने ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. पाणी २ ईसीचे असेल आणि हंगामात एका हेक्टरला ५०० मिलिमीटर, म्हणजे ५० लाख लिटर दिले, तर जमिनीत सुमारे ६,४०० किलो क्षार येतात. झाड त्यातले अगदी थोडे उचलते, बाकीचे मातीतच राहतात. म्हणून पिकाच्या गरजेपेक्षा काही पाणी जास्त देऊन क्षार मुळांच्या खाली धुऊन काढावे लागतात. हे किती, याचे एक रूढ सूत्र आहे: पाण्याच्या ईसीला, मातीच्या चालवून घेण्याजोग्या ईसीची पाचपट वजा पाण्याची ईसी, या संख्येने भागायचे. पाणी २ आणि माती २.५ धरली तर २ भागिले १०.५, म्हणजे जवळपास ०.१९. दिलेल्या पाण्यातील सुमारे एक पंचमांश पाणी मुळांच्या पलीकडे जायला हवे, म्हणजेच पिकाच्या गरजेच्या साधारण सव्वापट पाणी द्यावे लागेल.

यासाठी खाली निचऱ्याची वाट असणे अत्यावश्यक आहे. भूजल वर आले असेल किंवा खाली कठीण थर असेल, तर धुतलेले मीठ केशाकर्षणाने पुन्हा वर येते आणि जादा पाण्याने उलट मुळे गुदमरतात. मुळांना प्राणवायू कमी पडला की सोडियम बाहेर ढकलण्यासाठी लागणारी ऊर्जाच तयार होत नाही, आणि तेवढ्याच क्षारांत झाडाचे हाल दुप्पट होतात. अशा जमिनीत आधी चर काढावेत किंवा गादीवाफे उंच करावेत, नंतरच धुण्याचा विचार करावा. सरीने पाणी देत असाल तर मीठ वरंब्याच्या माथ्यावर चढते, म्हणून रोप माथ्यावर न लावता उतारावर लावावे. वाफ्यावर आच्छादन घातले तर वाफ कमी होते आणि पांढरा थर मुळातच कमी साठतो. पोटॅशसाठी म्युरिएटऐवजी (म्हणजे पोटॅशियम क्लोराइडऐवजी) सल्फेट किंवा नायट्रेट वापरावे, म्हणजे क्लोराइडची आणखी भर पडणार नाही. कोंबडीखत टाकत असाल तर त्याचीही ईसी एकदा मोजून घ्यावी.

आपली मान टाकलेली झाडे अजून हिरवी असतील तर आजच ठिबक नेहमीच्या दुप्पट वेळ चालवावे आणि तीन-चार दिवस दुपारी शेंड्याकडे पाहावे. शेंडा पुन्हा ताठ झाला तर खालची गेलेली पाने काढून टाकून झाड ठेवावे. शेंडाही करपला असेल तर त्या जागी नवे रोप लावण्याआधी ती जागा भरपूर पाण्याने एकदा धुऊन घ्यावी.